सगळ्या विषयांच्या प्राध्यापकांना एकाच एच-इंडेक्सवर क्रम लावायचा का?

प्रश्न : वाचनकक्ष

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. आमच्या संस्थेने यंदापासून 'उत्कृष्ट संशोधक' पुरस्कार ठेवलाय. शाल-श्रीफळ आहेच, पण सोबत पुढच्या कामासाठी थोडी रक्कमही आहे. आमच्यासारख्या ठिकाणी संशोधनाच्या नावाने वेगळा पैसा हातात पडणं ही मोठी गोष्ट असते. निवडीची पद्धत बैठकीत लगेच ठरली: सगळ्यांचा गुगल स्कॉलरवरचा एच-इंडेक्स (लेख किती आणि इतरांनी त्यांचा उल्लेख किती केला, यावरून निघणारा आकडा) काढायचा, उतरत्या क्रमाने लावायचा, सगळ्यात वरचं नाव जाहीर करायचं. यादी करायचं काम माझ्याकडे आलं.

यादी तयार आहे, पण ती पुढे द्यायला हात धजत नाही. का, ते जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात वर रसायनशास्त्राचे सर. एकूण सायटेशन, म्हणजे इतरांच्या लेखनात आलेले उल्लेख, ११४०, एच-इंडेक्स १७. नॅनो पदार्थांवर काम करतात, सुट्ट्या लागल्या की नागपूरच्या प्रयोगशाळेत जाऊन बसतात, लेखांवर सहा-सात जणांची नावं असतात. मेहनती माणूस आहे, त्यांना पुरस्कार मिळाला तर मला आनंदच होईल. त्यांच्या खाली प्राणिशास्त्राच्या मॅडम, ९. मग गणिताचे सर, ४. भूगोलाच्या मॅडम, ३. आणि तळाला मराठीचे सर. त्यांचं स्कॉलरवर पानच नाही. नाव टाकून शोधलं तर एका चर्चासत्राच्या स्मरणिकेतला लेख येतो. सायटेशन शून्य.

आता हे मराठीचे सर काय करतात ते सांगते. आमच्या भागात कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या आहेत. सर कित्येक वर्षांपासून त्या पोडांवर जाऊन गाणी, म्हणी, झाडपाल्याची नावं लिहून घेतात. त्यांची रजिस्टरं मी हाताळली आहेत. जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर, पानावर उभे चार रकाने आखलेले. पहिल्यात कोलामी शब्द देवनागरीत, दुसऱ्यात मराठी अर्थ, तिसऱ्यात कोणत्या पोडावर कोणी सांगितला, आणि चौथ्यात तोच शब्द दुसऱ्या पोडावर वेगळा निघाला तर तो, लाल शाईने. कोलामी द्राविड कुळातली भाषा, शेजारी मराठी आणि गोंडी, त्यामुळे कोणता शब्द कुठून आला हे ठरवायला एकेका शब्दापाशी सर अडून बसतात. यातून त्यांचं एक पुस्तक निघालं. नागपूरच्या एका लहान प्रकाशकाने काढलं, पाचशे प्रती. आमच्याकडची प्रत बघायला दुसऱ्या विद्यापीठांतले पीएचडीचे विद्यार्थी येतात. मीच त्यांना टेबलावर काढून देते, झेरॉक्सला परवानगी देते.

मग मला वाटलं, ही मुलं प्रबंधात या पुस्तकाचा उल्लेख करत असतीलच की. शोधगंगा या पीएचडी प्रबंधांच्या संकेतस्थळावर जाऊन मराठीतले आणि समाजकार्य विषयातले प्रबंध उघडले. संदर्भसूचीत पुस्तक आहे. तळटिपांत आहे. एका प्रबंधाचं अख्खं प्रकरण त्याच्या आधाराने उभं आहे. स्कॉलरला यातलं काहीच दिसत नाही. कारण शोधायला एका प्रबंधातली ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवली, तर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला आला. प्रबंध जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला आहे, श्रीलिपी नाहीतर कृतिदेव. माणसाला तिथे मराठी दिसतं, यंत्राला दिसत नाही. काही प्रबंध तर नुसते स्कॅन केलेले आहेत. म्हणजे सरांचं सायटेशन शून्य नाही. ते मोजलंच गेलेलं नाही.

प्राणिशास्त्राच्या मॅडमची गोष्ट वेगळी. त्यांच्या पानावर हृदयरोगावरचे लेख दिसले, ते त्यांचे नाहीत. आद्याक्षरं आणि आडनाव सारखं असलेल्या कुणा डॉक्टरचे ते आपोआप येऊन चिकटलेत. उलट मॅडमचं पीएचडीच्या काळातलं काम, गोड्या पाण्यातल्या गोगलगायींवरचं, माहेरच्या आडनावाने छापलंय. ते पानावर नाहीच. त्यांचा ९ हा आकडा दोन्ही बाजूंनी चुकीचा आहे. लग्नानंतर आडनाव बदललेल्या किती बायकांचं असं होत असेल!

मला विचारायचंय ते असं. वेगवेगळ्या विषयांतल्या माणसांना या एका आकड्यावर एका रांगेत उभं करणं बरोबर आहे का? नसेल तर ते कशाच्या आधारावर सांगायचं, कारण 'ग्रंथपाल मॅडमला असं वाटतं' एवढ्यावर समिती ऐकणार नाही. आणि माझ्या यादीऐवजी मी काय ठेवू? बैठक दिवाळीनंतर आहे.

उत्तर : गणितमास्तर_वाशीम

मॅडम, यादी थांबवलीत हे फार चांगलं केलंत.

आधार पाहिजे म्हणता, तर पहिला आधार हा आकडा काढणाऱ्या माणसाचाच घ्या. एच-इंडेक्स १७ म्हणजे किमान १७ लेख असे, की ज्यांतल्या प्रत्येकाला किमान १७ सायटेशन आहेत. होर्हे हिर्श या कॅलिफोर्नियातल्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये हे माप सुचवलं. त्या मूळ लेखातच त्याने उदाहरणं दिलीत. भौतिकशास्त्रात तेव्हा सगळ्यात वर एडवर्ड विटन, ११०. जीवशास्त्रात सॉलोमन स्नायडर, १९१. जीवशास्त्राचे आकडे वर जातात हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. ही ओळ समितीसमोर वाचून दाखवा.

आता तुमच्या गणिताच्या सरांबद्दल. आमच्या विषयात लेख नियतकालिकाकडे गेला की परीक्षक सिद्धता ओळन् ओळ तपासतो. वर्ष-दीड वर्ष त्यातच जातं. लेखक एक, फार तर दोन. शेवटी संदर्भ पंधरा-वीस. रसायनशास्त्राच्या लेखाखाली पन्नास-साठ संदर्भ सहज असतात. प्रत्येक संदर्भ म्हणजे कुणाला तरी मिळालेलं एक सायटेशन. जिथे संदर्भच थोडे दिले जातात तिथे मिळणारही थोडेच. शिवाय गणितात चाळीस वर्षांपूर्वीचा लेख आजही ताजा असतो, त्यामुळे सायटेशन सावकाश येतात आणि लांबपर्यंत येत राहतात. पुरस्कार मात्र याच वर्षी द्यायचा असतो.

आणखी एक. एच-इंडेक्स लेखांच्या संख्येपुढे जाऊच शकत नाही. एखाद्याने आयुष्यात चार लेख लिहिले आणि प्रत्येकाला पाचशे सायटेशन मिळाले, तरी त्याचा एच-इंडेक्स चारच. आणि तो कधी खाली येत नाही, म्हणून नोकरीची वर्षं जास्त त्याला आपोआप फायदा. नुकत्याच लागलेल्या मुलीला आणि निवृत्तीला आलेल्या सरांना एका यादीत ठेवणं हाही अन्यायच.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण द्या. द. रा. कापरेकर देवळालीला शाळामास्तर होते. ६१७४ या संख्येचा गुणधर्म त्यांनी १९४९ मध्ये मांडला. जगभर नाव झालं ते १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनरने त्यांच्यावर लिहिल्यावर. मधल्या काळात कुणी सायटेशन मोजून पुरस्कार ठरवला असता तर कापरेकरांना काही मिळालं नसतं.

उत्तर : बुलढाणेकर

मी वेगळं मत मांडतो, राग मानू नका.

मी बरीच वर्षं निवड समित्यांवर काढली. आकडा नको, कामाचा दर्जा बघू, असं म्हटलं की काय होतं ते मी जवळून पाहिलंय. दर्जा कोण बघणार? तीच चार माणसं. मग पुरस्कार कुणाच्या तरी नात्यातल्या माणसाकडे जातो, आणि बाकीचे गप्प बसतात. एका संस्थेत तर एकही छापील लेख नसलेल्या गृहस्थांना 'संशोधनातील योगदानाबद्दल' सत्कार मिळाला. त्या वेळी आकड्याची अट असती तर ते झालं नसतं. एच-इंडेक्स अपुरा आहे हे मान्य, पण तो निदान कुणाच्या घरी जाऊन बदलून आणता येत नाही. तुमच्या रसायनशास्त्राच्या सरांच्या मागे कुणी वशिला नसेल, तर हा आकडाच त्यांचा आधार आहे. तो काढून घेण्याआधी विचार करा.

वाचनकक्ष

बुलढाणेकर सर, राग अजिबात नाही. तुमचं म्हणणं मी वहीत उतरवून घेतलं. हा धोका आमच्याकडेही आहे. म्हणून आकडा फेकून द्यायचा असं मी म्हणत नाहीये. तो कशाशी ताडून बघायचा, एवढाच माझा प्रश्न आहे.

ग्रंथपाल म्हणून एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे. सायटेशन मोजायची पद्धत आमच्या कामातून वर आली. युजीन गारफिल्डने १९५५ मध्ये ती कल्पना मांडली आणि १९६४ पासून सायन्स सायटेशन इंडेक्स छापायला सुरुवात केली. उद्देश असा, की एखादा लेख हाती आला तर त्याच्या पुढे कुणी कुणी काम नेलं हे वाचकाला सापडावं. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे एखाद्या नियतकालिकातल्या लेखांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा, हाही आधी नियतकालिकं निवडण्यासाठी काढला गेला. कोणतं नियतकालिक घ्यायचं, कोणतं बंद करायचं, यासाठी ग्रंथालयांनी तो वापरला. माणसाला क्रमांक देण्यासाठी तो नव्हता. वाचकाला वाट दाखवणारं साधन माणसाच्या कपाळावर आकडा चिकटवायला वापरलेलं पाहिलं की मला वाईट वाटतं.

उत्तर : काळी_माती

मी मृदशास्त्रज्ञ. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात नोकरी झाली, आता गावी असतो. तुमच्या प्रश्नाला नेमकं उत्तर आहे, मॅडम.

पाऊस आपण कसा सांगतो बघा. गडचिरोलीत हजार मिलिमीटर पडला तर लोक म्हणतात यंदा कमी झाला. तेवढाच बुलढाण्यात पडला तर सोयाबीन शेतात सडतं. म्हणून हवामान खातं मिलिमीटरसोबत 'सरासरीच्या इतके टक्के' असंही देतं. सायटेशनलाही तसंच माप आहे. त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या लेखांना जगात सरासरी किती सायटेशन मिळाली, त्याने भागायचं. उत्तर १ आलं तर जगाच्या सरासरीइतकं, २ आलं तर दुप्पट. स्कोपस या वर्गणीच्या डेटाबेसवाले याला फील्ड-वेटेड सायटेशन इम्पॅक्ट म्हणतात. तुमच्या गणिताच्या सरांचा एखादा लेख या मापाने रसायनशास्त्राच्या लेखापेक्षा वर निघाला तर मला नवल वाटणार नाही.

वर्तमानपत्रात दरवर्षी 'जगातील टॉप दोन टक्के शास्त्रज्ञांत आपल्या प्राध्यापकांचा समावेश' अशी बातमी येते, संस्थाचालकांनी ती नक्की वाचली असेल. ती यादी स्टॅनफर्डच्या जॉन इओआनिडिस यांच्या गटाची. तिच्यातही दोन टक्के धरतात ते ज्याच्या त्याच्या उपविषयात. शिवाय स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन वगळून वेगळा हिशेब असतो, आणि लेखावर माणूस एकटा आहे, पहिला आहे की शेवटचा, हेही बघतात. मग आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयात सगळा कारभार एका रकान्यात का?

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीतला तक्ता काढा. मान्य नियतकालिकातल्या एका लेखाला विज्ञान, अभियांत्रिकी, कृषी यांत ८ गुण आणि भाषा, मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रं यांत १०. म्हणजे आयोगानेही दोन रकाने केले. इम्पॅक्ट फॅक्टरचे वाढीव गुण वेगळे. दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर मुख्य लेखकाला ७० टक्के गुण, बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. पुस्तकालाही गुण आहेत, जे तुमच्या यादीत कुठेच नाहीत. बुलढाणेकर म्हणतात तशी नियमाची चौकट हवी असेल तर ही सरकारी चौकट आहे, त्यात कुणाचा वशिला नाही.

आता एक माझ्या शेतातलं, म्हणजे विषयातलं. जगात सगळ्यात जास्त सायटेशन मिळालेला शोधनिबंध लाउरी आणि सहकाऱ्यांचा, १९५१ चा, तीन लाखांच्या वर. त्यात मोठा सिद्धान्त नाही. प्रथिनं मोजायची एक पद्धत आहे. आपल्याकडे मातीतलं उपलब्ध नत्र काढायची सुब्बय्या आणि असिजा यांची पद्धत, १९५६ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आली, जेमतेम दोन पानं. विदर्भातला कोणताही कृषी प्रबंध उघडा, माती परीक्षणाच्या तक्त्याखाली हे नाव सापडेल. मी स्वतः आयुष्यभर तेच लिहीत आलो. त्या दोन पानांइतकी सायटेशन मला सगळ्या नोकरीत मिळाली नाहीत, आणि मिळायला हवी होती असंही नाही. जे सगळ्यांना वापरावं लागतं त्याला सायटेशन जास्त मिळतात. काम किती खोल आहे याची मोजणी त्यातून होत नाही.

वाचनकक्ष

सर, फार उपयोगी. पण आमच्याकडे स्कोपसची वर्गणी नाही. हा भागून काढलेला आकडा मला कुठे मिळेल?

काळी_माती

वर्गणी नसली तरी ओपनअ‍ॅलेक्स बघा. लेख आणि सायटेशनचा डेटाबेस आहे, २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, लेखागणिक हा आकडा देतो. नाव अलेक्झांड्रियाच्या प्राचीन ग्रंथालयावरून ठेवलंय, तुम्हाला आवडेल. मात्र विज्ञानाच्या लोकांसाठीच त्याचा भरवसा धरा, मराठीची अडचण तिथेही तीच. आणि तीन-चार लेख असलेल्या माणसाची सरासरी काढू नका, एका लेखाने ती वर-खाली होते. लेखागणिकच दाखवा.

प्राणिशास्त्राच्या मॅडमना ऑर्किड हा संशोधकाचा ओळख क्रमांक काढून द्या, सोळा अंकी असतो, फुकट मिळतो. माहेरचं आणि सासरचं दोन्ही नावं त्यात टाकता येतात. स्कॉलरच्या पानावरचे परके लेख त्यांनाच आत जाऊन काढावे लागतील, ते बाहेरून होत नाही.

उत्तर : कपाशीवाला

ताई, मी प्राध्यापक नाही, शेतकरी आहो, दर्यापूरकडचा. वाचून राह्यलो होतो, म्हनून लिहितो.

आमचा खारपानपट्टा. हिरीचं पानी खारं, त्यानं ओलीत होत नाही. रब्बीत जमिनीतल्या ओलीवर हरभरा पेरतो, जॅकी ९२१८. अकोल्याचं इद्यापीठ आन् हैदराबादजवळची इक्रिसॅट ही संशोधन संस्था, यायच्या कामातून निंगालेला वान. आमच्याकडं कोनालेही इचारा, जॅकी माहीत हाय. काढनाऱ्या शास्त्रज्ञायचे नावं मले माहीत नाही, त्यायचे सायटेशन किती तेही नाही. पन माह्या पोरीच्या कॉलेजची फी त्या हरभऱ्यावर भरली. तुमच्या तक्त्यात हे कोन्या रकान्यात लिहिसान, तेवढं सांगा.

वाचनकक्ष

भाऊ, आत्ता तरी कुठल्याच रकान्यात नाही. म्हणूनच तक्ता बदलायचाय. तुमचं वाक्य मी समितीसमोर जसंच्या तसं ठेवलं तर चालेल का?

कपाशीवाला

चालते ना ताई. नाव टाकलं नाही तरी चालते.

उत्तर : वैनगंगाकाठ

मी गडचिरोली जिल्ह्यात सार्वजनिक आरोग्याच्या सर्वेक्षणांवर काम करते. कपाशीवाले भाऊ म्हणतात त्याला जोडून लिहिते. खेड्यातल्या कामाला सायटेशन मिळत नाहीत असा समज होऊ नये, म्हणून.

राणी बंग आणि सहकाऱ्यांचा १९८९ चा, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातला निबंध घ्या. गडचिरोलीतली दोन गावं, ६५० स्त्रिया. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा एक तरी आजार निघाला, आणि त्याआधी तपासणी-उपचार मिळालेल्या होत्या फक्त ८ टक्के. खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढंच तोवर जगात समजलं जायचं. पुढे १९९९ चा, घरीच नवजात बाळाची काळजी घेण्याच्या प्रयोगाचा निबंध, तोही 'लॅन्सेट'मध्येच. ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून काम केलं, ४७ गावं तुलनेला ठेवली. २०११ मध्ये केंद्र सरकारने आशाताईंमार्फत घरोघरी नवजात बालकांच्या काळजीची योजना आणली, तिच्या मागे हे काम आहे. या निबंधांना जगभरातून सायटेशन आहेत. लोकांना उपयोग झाला आणि सायटेशनही मिळाली.

पण याच गटाने इतर संस्थांबरोबर महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंवर २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल मराठीत काढला. त्यानंतर राज्य सरकारला बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमावी लागली. इतका परिणाम करणारा दस्तऐवज एच-इंडेक्समध्ये कुठे दिसणार? तेच संशोधक, तोच जिल्हा, तोच प्रश्न. भाषा आणि छापण्याची जागा बदलली आणि मोजणाऱ्याला ते दिसेनासं झालं. तुमच्या मराठीच्या सरांसाठी यापेक्षा चांगला दाखला मला सुचत नाही.

आणखी, वैद्यकाचे आकडे मोठे असतात ते बघून बाकीच्यांनी खचू नये. आमच्याकडे संशोधक जास्त, नियतकालिकं जास्त, संदर्भ जास्त. मोठ्या गटात नाव असलं की आकडा फुगतो. भौतिकशास्त्रात तर २०१५ मध्ये एका निबंधावर पाच हजारांवर लेखक होते. त्यातल्या प्रत्येकाला त्या निबंधाचं सायटेशन पूर्ण मिळतं.

उत्तर : ताम्रपट

मी प्राचीन विदर्भावर पीएचडी करतोय, वाकाटकांच्या ताम्रपटांवर. आमच्या विषयाची बाजू मांडतो.

वाकाटकांवर कुणीही लिहायला बसलं की पहिल्यांदा नागपूरच्या वा. वि. मिराशींकडे जावं लागतं. त्यांनी संपादित केलेला वाकाटक लेखांचा खंड १९६३ चा. साठ वर्षं झाली, अजून तोच आधार. त्यांच्या वाचनाशी मतभेद असेल तरी आधी त्यांचं वाचन द्यायचं आणि मग आपलं. ही सगळी सायटेशन पुस्तकांच्या तळटिपांत आहेत, मराठी-हिंदी नियतकालिकांत आहेत, संशोधन मंडळांच्या वार्षिकांत आहेत. माझ्या एका प्रकरणात मिराशींचा उल्लेख जवळपास प्रत्येक पानावर आहे, आणि त्यातला एकही कुठल्या डेटाबेसमध्ये जाणार नाही.

वाचनकक्ष मॅडम, तुम्ही फॉन्टचं जे शोधून काढलंत ते फार महत्त्वाचं आहे. आमच्या गाईडनाही मी दाखवलं. माझा प्रबंध मी युनिकोडमध्येच, म्हणजे यंत्रालाही वाचता येईल अशा अक्षरांत टंकतोय, पण माझ्या आधीच्यांचे सगळे जुन्या फॉन्टमध्ये.

समितीला कागद हवा असेल तर दोन सांगतो. एक, २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेला डोरा जाहीरनामा. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाचं काम जोखू नका, असं तो सांगतो. दुसरा, लायडन जाहीरनामा, २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये आला. त्यात दहा तत्त्वं आहेत, तुमच्या कामाची तीन. स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला संरक्षण द्या. विषयागणिक प्रकाशनाच्या आणि सायटेशनच्या रीती वेगळ्या असतात हे धरून चला. आणि एका माणसाचं मूल्यमापन त्याचं काम वाचून करा. ही तीन वाक्यं मराठीत करून टिपणाला वर लावा.

आणि पुढच्या वर्षाचाही विचार करा. एच-इंडेक्सवर पैसे मिळतात हे एकदा कळलं की लोक आकडा वाढवायच्या मागे लागतात. पैसे भरा आणि चार दिवसांत लेख छापा, असे मेसेज आम्हा विद्यार्थ्यांच्या फोनवर रोज येतात. यूजीसीने २०१८ मध्ये आपल्या यादीतून ४३०५ नियतकालिकं एका फटक्यात काढली होती. २०१९ मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादी आणली, २०२५ मध्ये तीही बंद केली. आता नियतकालिक बरं की वाईट हे बघायची जबाबदारी महाविद्यालयावरच आहे. म्हणजे ते काम शेवटी तुमच्याच टेबलावर येणार.

बुलढाणेकर

हे सगळं वाचलं. लायडनच्या या तीनपैकी शेवटचं तत्त्व मला पटतं, पण 'काम वाचून' म्हणजे कुणी वाचायचं? माझी अट एकच: वाचणारा संस्थेबाहेरचा पाहिजे, त्याच विषयातला पाहिजे, आणि त्याने दोन परिच्छेद लेखी दिले पाहिजेत. तोंडी शिफारस नको.

वाचनकक्ष

बुलढाणेकर सर, ही अट मी जशीच्या तशी घेते.

समितीपुढे आता असं टिपण ठेवणार आहे. क्रमवारी लावणार नाही. प्रत्येक प्राध्यापकासाठी एक पान. वर त्यांनी स्वतः निवडलेली तीन कामं: लेख, पुस्तक, वाण, नकाशा, शब्दसंग्रह, काहीही चालेल. प्रत्येकाखाली त्या कामाचा कुणी काय उपयोग केला ते, पुराव्यासह. विज्ञानाच्या लोकांना लेखागणिक विषयाच्या सरासरीशी ताडलेला आकडा. एच-इंडेक्सही असेल, पण सोबत विषय आणि पहिला लेख कधी छापला ते वर्ष लिहून. मग त्या त्या विषयातल्या बाहेरच्या एका जाणकाराचे दोन लेखी परिच्छेद. यूजीसीचा तक्ता आणि ताम्रपट यांनी सांगितलेली तीन तत्त्वं सुरुवातीला.

रसायनशास्त्राच्या सरांना हे दाखवलं. त्यांना वाईट वाटेल अशी भीती होती, पण उलट त्यांनी तीन लेख निवडून दिले आणि त्यात सगळ्यात जास्त सायटेशनवाला घेतला नाही. म्हणाले, त्यात माझा वाटा थोडा होता. त्याऐवजी आमच्याच जिल्ह्यातल्या हातपंपांच्या पाण्यातल्या फ्लोराइडवरचा लेख दिला. ते पाण्याचे नमुने त्यांनी विद्यार्थ्यांना सोबत घेऊन गोळा केले होते. त्याला सायटेशन अकरा. हा लेख त्यांचा आहे हे मलाच माहीत नव्हतं, कारण स्कॉलरच्या पानावर तो फार खाली जातो.

मराठीच्या सरांचं पान मी करतेय. शोधगंगेवरच्या प्रबंधांतले उल्लेख पानांक घालून हाताने उतरवून घेतेय, कारण यंत्र ते वाचणार नाही. भूगोलाच्या मॅडमचे तीन नकाशे पंचायत समितीच्या पाणलोटाच्या कामात वापरलेत, त्याचं पत्र मिळवायचंय.

आता मदत हवी आहे ती दोन बाबतींत. श्रीलिपीतल्या लांब मजकुराचं युनिकोड करणारं चांगलं साधन कुणाकडे असेल तर सांगा, जोडाक्षरं न तुटणारं. आणि कोलामी भाषा जाणणारा, संस्थेबाहेरचा, दोन परिच्छेद लिहून देऊ शकेल असा अभ्यासक कुणाच्या ओळखीत आहे का? नाव इथे टाकू नका, मला निरोपात कळवा.

ताम्रपट

निरोप पाठवलाय. फॉन्टचं म्हणाल तर एका प्रबंधाची फाइल आधी पाठवा, रफार आणि पहिली वेलांटी नीट येते का ते तपासून सांगतो.